डिम सम खायला गेलात तेव्हाचं लिहा

"डिम सम म्हणजे मोमोच ना?" महिन्याभरात तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं, म्हणून हा धागा काढते आहे. हाँगकाँगला मी तीन वर्षं होते. तिथे लोक एकमेकांना 'यम चा'ला बोलावतात, म्हणजे चहा प्यायला. चहा मुख्य, खाणं त्याच्या जोडीला. ते जोडीचे वाफवलेले, तळलेले छोटे छोटे पदार्थ म्हणजे डिम सम. तुम्ही कुठे खाल्लंत, काय आवडलं, कुठे फसलात, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

ऑफिसातली मैत्रीण एका रविवारी आजीबरोबर मलाही सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसला घेऊन गेली. मंगल कार्यालयाएवढा हॉल, बाहेर बंदर, आणि टेबलांमधून ढकलगाड्या फिरवत बायका पदार्थांची नावं पुकारत होत्या. आजींनी पहिला चहा ओतला तो प्यायला नाही. त्यात सगळ्यांच्या वाट्या आणि चॉपस्टिक्स विसळल्या. मग पु-अर नावाचा चिनी चहा आला, काळसर, मातकट वासाचा. तेलकटावर हाच चहा हवा, असं त्यांचं ठाम मत. माझ्या पेल्यात त्यांनी चहा ओतला तशी मैत्रीण हळूच म्हणाली, दोन बोटं वाकवून टेबलावर टेकव, आभार पोचतात. चीनचा चियानलुंग बादशहा वेष बदलून फिरत असताना त्याने नोकराला चहा ओतला. दंडवत घातला तर बादशहा ओळखू येईल, म्हणून नोकराने बोटांनीच दंडवत घातला, अशी आख्यायिका आहे. चहा संपला की किटलीचं झाकण तिरकं ठेवायचं, न मागता भरून मिळते.

आणि मग हार गाव, कोळंबी भरून वाफवलेली छोटी करंजीच जणू! बांबूच्या टोपलीचं झाकण काढलं आणि मी बघतच राहिले. दुधी काचेसारखी पारी, आतून कोळंबीचा गुलाबी रंग दिसतोय, एका कडेने ओळीत कळ्या. आजींनी चॉपस्टिकच्या टोकाने मला त्या मोजून दाखवल्या. सातपेक्षा कमी असल्या तर करणाऱ्याला अजून शिकायचंय म्हणे! पारी गव्हाच्या सत्त्वाची, म्हणजे कुरडयांसाठी आपण काढतो तो चीक वाळवला की जे उरतं तेच. त्यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात आणि तेल लावलेल्या सुरीच्या रुंद पात्याने दाबून पारी करतात. मोदकाच्या कळ्या मोजणारी माझी आई त्या क्षणी शेजारी हवी होती, असं फार वाटलं.

* * *

आम्ही सिंगापूरला. आईबाबा आले तो नेमका चातुर्मास, आईचं कांदा-लसूण बंद. डिम सम विसराच म्हटलं होतं, कारण साध्या भाजीतही ऑयस्टर सॉस (कालवांचा) असतो. शेजारच्या चिनी काकूंनी बौद्ध शाकाहारी हॉटेल दाखवलं. त्यांच्यातही कांदा-लसूण वर्ज्य! काकू स्वतः चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. ते ऐकल्यावर आई निर्धास्त झाली. भाषा येत नसून दोघी दोन तास बसल्या. मशरूम भरलेले पांढरे बाओ, म्हणजे वाफवलेले पाव, आईने तीन खाल्ले.

* * *

माझा अनुभव वाईट. कॅलिफोर्नियात एका हॉटेलात (नाव लिहीत नाही) मुळ्याच्या वड्या व्हेज आहेत का विचारलं, "हो, मुळाच आहे" म्हणाले. वरून खरपूस, आत मऊ, दिसायला अळूवडीच्या घरातल्या. तोंडाजवळ नेली आणि सुकटीचा वास आला. मी मालवणचा, तो वास मला चुकायचा नाही. पण बायको शाकाहारी, तिने घास घेतला होता. ती काही बोलली नाही, पण उरलेलं जेवण गेलं. त्या वड्यांत सुकवलेली कोळंबी आणि डुकराचं सॉसेज घालायची पद्धतच आहे. तेव्हा "व्हेज आहे का" विचारू नका. "कोळंबी आहे का, डुकराचं मांस आहे का, चरबी आहे का" असं एकेक विचारा.

* * *

कोंबडीचे पाय कुणीच लिहिले नाहीत? कॅनडात मार्कहॅमला खाल्ले. आधी तळून मग वाफवतात, काळ्या सोयाबीनच्या रसात. एक एक हाड चोखत बसायचं. मला अतिशय आवडतात.

* * *

परदेशी जायची गरज नाही. कोलकात्याला टिरेटा बाजारात पहाटे सहाला जा. पोद्दार कोर्टाजवळ फुटपाथवरच चिनी कुटुंबं शिउ माय (मांसाचं सारण भरलेल्या, वरून उघड्या वाफवलेल्या पुरचुंड्या), बाओ, फिशबॉलचं सूप घेऊन बसतात. पहिल्या खेपेला मी साडेआठला पोचले तर बहुतेकांनी पातेली आवरली होती. एका आजोबांकडे दोनच बाओ उरले होते. त्यांनी एक मला दिला, दुसरा फडक्यात गुंडाळला, नातवासाठी. दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला हजर होते.

* * *

धागाकर्ती : वर दोघांनी विचारलंय की हार गाव उचलताना पारी का फाटते. टोपली आल्या आल्या खा. थंड झाली की पारी कागदाला चिकटते. चॉपस्टिकने वरून चिमटू नका, खालून आधार देऊन उचला. आणि मालवणकर, वहिनींना सिंगापूरच्या त्या शाकाहारी हॉटेलात नक्की घेऊन जा.