जाहिरातीत ‘ब्लिट्झ’ नको

रानजाई (धागा)

‘प्रचाराचा ब्लिट्झ’, ‘सेल ब्लिट्झ’, ‘अ‍ॅडमिशन ब्लिट्झ’. हल्ली मराठी मथळ्यांत आणि जाहिरातींत हा शब्द सारखा दिसतो आणि दर वेळी खटकतो. तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द मूळचा जर्मन. ब्लिट्झ म्हणजे वीज, क्रीग म्हणजे युद्ध. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर झडप घातली आणि ‘ब्लिट्झक्रीग’ इंग्रजी वृत्तपत्रांत रुळला. पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला लंडनवर मोठी बॉम्बफेक सुरू झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यातलं ‘क्रीग’ गाळून नुसतं ‘ब्लिट्झ’ ठेवलं. मे १९४१ पर्यंत हे हल्ले चालले. ब्रिटनभर ४० हजारांहून जास्त नागरिक मेले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरातलं जुनं कॅथीड्रल जळालं. बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला.

लंडनमध्ये लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपायचे. गाड्या चालूच असायच्या, म्हणून फलाटावर पांढऱ्या रंगाने दोन रेषा आखल्या होत्या, एक कडेपासून आठ फुटांवर, दुसरी चार फुटांवर. संध्याकाळी प्रवाशांची गर्दी असेपर्यंत अंथरुणं आठ फुटांच्या रेषेमागे ठेवायची. गर्दी ओसरली की चार फुटांच्या रेषेपर्यंत पुढे सरकायचं. लेकराबाळांना घेऊन जे तिथे रात्री काढत होते, त्यांचा हा शब्द आहे. तो कपड्यांच्या सेलला लावताना कुणाला काहीच वाटू नये?

पेठकर

साफ असहमत. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हाच, १९४१ साली, रुसी करंजियांनी मुंबईत साप्ताहिक काढलं आणि नाव ठेवलं ‘ब्लिट्झ’. पुढे नौदल अधिकारी नानावटींच्या गाजलेल्या खून खटल्यात त्याच साप्ताहिकाने सगळी मुंबई ढवळून काढली. ते नाव लंडनच्या मृतांचा अपमान आहे, असं म्हणणार का तुम्ही?

आणि आपल्या भाषेत बघा. जाहिरातींचा भडिमार होतो, प्रचाराच्या तोफा थंडावतात, विरोधक हल्लाबोल करतात. तोफांनीही माणसं मेलीच आहेत. फार कशाला, १४ जानेवारी १७६१ ला महाराष्ट्रात घरटी माणूस गेला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, आणि तरीही निवडणुकीत एखादा पक्ष आपटला की ‘पानिपत झालं’ म्हणतो. स्वतःच्या दुःखाच्या बाबतीत आपण इतके सैल, मग लंडनच्या बाबतीत एवढं सोवळं का?

रानजाई

पेठकर, पानिपताचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. ‘पानिपत झालं’ म्हणताना दारुण पराभवच सांगायचा असतो. अडीचशे वर्षांनंतरही त्या शब्दातली हार शिल्लक आहे. म्हणून तर ‘पानिपत सेल’ अशी पाटी कुठल्याच दुकानावर दिसत नाही. तोफ हे हत्यार आहे, कुठल्याही लढाईतलं. ‘ब्लिट्झ’ ही इतिहासातली ठरावीक घटना आहे. करंजियांच्या पत्राचं म्हणाल तर त्यांनी सत्तेवर तुटून पडायला ते नाव घेतलं होतं, साड्या विकायला नव्हे.

वाटसरू

दोघांचंही वाचलं. माझा आक्षेप वेगळाच आहे. हा शब्दच फसवा आहे, आणि ते कुणी बोलत नाही.

‘ब्लिट्झक्रीग’ नावाचं जर्मन सैन्याचं कुठलंही अधिकृत तंत्र नव्हतं. जर्मन लष्करी लिखाणात तो शब्द अधूनमधून येई, पण गाजवला तो परदेशी वृत्तपत्रांनी. खुद्द हिटलरने १९४१ मध्ये जाहीर भाषणात त्याला मूर्खपणाचा शब्द म्हटलं. मे १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या सैन्यात रणगाड्यांच्या डिव्हिजन फक्त १० होत्या. बाकी बहुतेक सैन्य पायी चालत होतं आणि त्यांचं सामान घोडे ओढत होते. सहा आठवड्यांत फ्रान्स पडला, याला फ्रेंच सेनापतींचे चुकलेले निर्णयही तितकेच कारण. ‘विजेसारखं युद्ध’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं आणि नाझी सैन्य अजिंक्य होतं ही समजूत घट्ट होते. स्पर्धापरीक्षांच्या नोट्समध्ये हेच छापून येतं. मला राग आहे तो त्याचा. सेलवाल्यांनी काय लिहायचं ते लिहावं.

शिवाय लंडनवरचे हल्ले आठ महिने चालले. सुरुवातीलाच ५७ रात्रींपैकी बहुतेक सगळ्या रात्री बॉम्ब पडले. याला वीज कोण म्हणेल?

पेठकर

वाटसरू, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. वृत्तपत्रांनी उचललेला, मुळात न जुळणारा शब्द लोकांनी आपलासा केला. तसाच तो बुद्धिबळातही आहे. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत खेळाडूला मिळतात तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंद. तिथे तो वीज याच मूळ अर्थाने उभा आहे. आपल्या आनंदला ‘लाइटनिंग किड’ म्हणायचे ते याच वेगामुळे. शब्द एकदा वापरात आला की त्यावर एका शहराचा हक्क राहत नाही.

रानजाई

बुद्धिबळाबद्दल माझी तक्रारच नाही. तिथे खरोखर वेग मोजला जातो. सेलमध्ये कसला आलाय वेग? तिथे गिऱ्हाइकावर चारी बाजूंनी मारा करायचा असतो, म्हणजे अर्थ बॉम्बफेकीचाच घेतलेला असतो, फक्त खाली मेलेली माणसं दिसत नाहीत. आणि वाटसरू, वीज नाही म्हणता ते खरं, पण फलाटावर झोपणाऱ्यांनी ज्या नावाने ते दिवस ओळखले ते नाव चुकीचं ठरवायचा अधिकार मला तरी नाही.

शाईदौत

मी मथळे लावते, रोज. ‘ब्लिट्झ’ येतो तो इंग्रजी प्रेसनोटमधून, उचलून जसाच्या तसा. घाईत कुणी बदलत नाही. ‘प्रचाराचा धडाका’, ‘विक्रीचा धडाका’ तेवढ्याच जागेत बसतं, आणि बाजारातल्या बाईलाही कळतं. आमच्या पानावर मी तेच लावते. बुद्धिबळाच्या बातमीत मात्र ब्लिट्झच ठेवते, कारण ते स्पर्धेचं नाव आहे.

पेठकर

धडाका जरूर लावा, चांगला शब्द आहे. पण दुसऱ्या कुणी ब्लिट्झ लिहिलं तर त्याला संवेदनाहीन ठरवू नका, एवढ्यावर मी ठाम आहे.