औषधाची खिडकी: तुमच्या आठवणी सांगा

काल माळा आवरताना जाड काचेची चपटी बाटली सापडली. बाजूला करवतीसारखी कातरलेली कागदाची पट्टी अजून चिकटलेली. एक खाच म्हणजे एक डोस. सरकारी दवाखान्यात बाटली घरून न्यावी लागायची. आई गोडेतेलाचीच राखेने घासून द्यायची, त्यामुळे आमच्या खोकल्याच्या औषधाला कायम शेंगदाण्याचा वास. तुमच्याकडे काय होतं?

शेवंता: बाटली विसरली की परत घरी!! एकदा भावाने दप्तरातली पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या मित्राने सरबत समजून अर्धी संपवली 😂

खडीसाखर: गुलाबी मिक्श्चर ना? पोटदुखीलाही तेच.

नांगरे_पाटील: केसपेपरचे पैसे मात्र आता नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून.

शेवंता: मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात लागतात हो दादा, परवाच भरले.

आशाताई: मी औषध देणाऱ्या बाजूची, आशा सेविका आहे. लोहाची लाल गोळी गरोदर बायांना, निळी शाळेतल्या मुलींना. संडास काळी होते म्हणून घाबरून बंद करतात. एकीच्या घरी पूर्ण पाकिटं तांदळाच्या डब्यात सापडली. म्हणे किडे लागत नाहीत! बाकी चहाबरोबर घेऊ नका गं, लोह अंगी लागत नाही. कुकर झाला, येते नंतर.

मुक्काम_पोस्ट: बाबांना २०१२ मध्ये टीबी झाला. डॉट्स, म्हणजे गोळ्या कुणाच्या तरी देखत घ्यायच्या. सुरुवातीचे दोन महिने एक दिवसाआड केंद्रावर जाऊन ताईंसमोर सात गोळ्या गिळायच्या. अख्ख्या कोर्सचा खोका, वर बाबांचं नाव. ते खोका बघून म्हणायचे, "एवढा संपला की मी सुटलो." पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, रक्तच समजून रात्रभर कुणी झोपलं नाही. गोळीचाच रंग, पण आधी सांगायला काय जातं?

खडीसाखर: बाबा कसे आहेत आता?

मुक्काम_पोस्ट: ठणठणीत. सकाळीच भांडले माझ्याशी.

आशाताई: आले. टीबीच्या गोळीने लघवी लाल होते हे आम्ही आता पहिल्याच दिवशी सांगतो बरं का.

नांगरे_पाटील: बीपीच्या गोळ्या जनऔषधीतून घेतो, बिल बरंच उतरलं. पण दोनपैकी एक गोळी कायम "पुढच्या आठवड्यात या."

शेवंता: ती चपटी बाटली देणार का कुणाला? मनी प्लांट लावीन.

खडीसाखर: आधी तेलाचा वास जातो का बघ.