बाथरूममध्ये पडून मृत्यू : दृश्य खरं की रचलेलं? पंचाने काय पाहावं?

मुलुंडकर_सचिव
मंडळी, इमारतीत असं काही घडलं की पोलीस पंच म्हणून शेजाऱ्यांनाच बोलावतात. समजा, सत्तरीच्या आजी, डोक्याला मागून जखम, लादीवर रक्त. घरचे म्हणतात, "आंघोळीला गेली, घसरली, कडी आतून होती, दार तोडलं." प्रेत अजून तिथेच आहे. पंचाने नेमकं काय बघावं? आतून कडी म्हणजे विषय संपतो का?

शवचिकित्सक
कडीचं नंतर बघू, आधी प्रेत बघा. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरतं आणि तिथे जांभळट डाग दिसू लागतात. साधारण ६ ते १२ तासांत ते पक्के होतात. त्यानंतर प्रेत हलवलं तरी डाग जागा सोडत नाहीत. लादीला टेकलेला भाग मात्र फिकट राहतो, कधी लादीच्या सांध्यांची किंवा जाळीची खूणही उमटते. आजी पालथ्या सापडल्या आणि डाग पाठीवर, तर त्या तिथे तशाच मेलेल्या नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात प्रेत फार हळू थंड होतं, म्हणून "अजून गरम होतं, म्हणजे आत्ताच गेली" यावर विसंबू नका.

आता जखम. एकदा घसरलं की मार बहुधा एकाच बाजूला लागतो. टाळू, कपाळ आणि मागची बाजू, तिन्हीकडे फुटलं असेल तर शंका रास्त आहे. वेगात असलेलं डोकं मागून लादीवर आपटलं की मेंदूला इजा बऱ्याचदा समोर, कपाळामागे होते. स्थिर डोक्यावर फटका बसला की ती जखमेच्या खालीच होते. हे शवविच्छेदनातच कळतं, पंचाला दिसणार नाही. हातांवरच्या काळ्यानिळ्या डागांची जागा लिहून घ्या, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वृद्धांना नुसतं धरलं तरी असे डाग पडतात. एका खुणेवरून कुणाला खुनी ठरवू नका.

सुकलेल्या रक्ताचे ओघळ नीट बघा. प्रेत आहे त्या स्थितीत ते खालच्या दिशेने जायला हवेत. आणि साधी गोष्ट, पण फार बोलकी: "आंघोळीला गेली" म्हणतात तर केस ओले आहेत का? साबण, टॉवेल, बादली? अंगावर नेसलेली साडी आणि डोळ्यांवर चष्मा असेल तर ते जसंच्या तसं लिहा.

नळकाम_दारकाम
कडीबद्दल. दार खरंच धक्क्याने उघडलं असेल तर चौकटीवरचा कोयंडा उपटलेला, स्क्रूची भोकं फाटलेली आणि ताजं लाकूड दिसतं. कोयंडा सरळ, भोकं गोल आणि स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे असतील तर तो सावकाश काढलाय. गोल नॉबचं लॉक बऱ्याचदा बाहेरच्या खाचेत नाणं घालूनही फिरतं. डक्टकडची (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेकडची) खिडकी विसरू नका: काचेच्या पट्ट्या ओढून काढता येतात. कठड्यावर कबुतरांच्या विष्ठेचा आणि धुळीचा थर अखंड असेल, तर तिथून कुणी गेलेलं नाही.

मुलुंडकर_सचिव
आणि घरच्यांनी लादी आधीच धुतली असेल तर?

नळकाम_दारकाम
नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे लादीतल्या जाळीखालच्या खोलगट भागात, पाणी कायम साठलेलं असतं. धुतलेलं रक्त, केस तिथे अडकतात. जाळी तुम्ही उघडू नका. पाणी ओतू नका, नळ सोडू नका. पोलिसांना सांगून ट्रॅपमधलं पाणी आणि गाळ नमुना म्हणून घ्यायला लावा. लादीच्या सांध्यातल्या सिमेंटमध्येही रक्त मुरतं.

शवचिकित्सक
बरोबर. फक्त ब्लीचने धुतलं असेल तर रक्ताच्या प्राथमिक चाचण्या फसव्या येऊ शकतात. म्हणून काय वापरून धुतलं ते विचारून पंचनाम्यात घाला. आणि गॅस गिझर असेल तर वेगळाच विचार करावा लागतो. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणूस कोसळतो, डोकं त्यानंतर आपटतं. तेव्हा मृत्यूनंतरचे डाग चेरीसारखे लालसर दिसतात. रक्तात हा वायू तपासायला सांगा, शंका कुणी मांडलीच नाही तर तो नमुना राहून जाऊ शकतो.

फौजदारी_वकील
कायद्याचं थोडक्यात. पोलीस आधी एडीआर (अकस्मात मृत्यूची नोंद) करतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा करतात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४. शेजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर लागतात. अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. जखम दिसत असताना ओळखीच्या डॉक्टरकडून मृत्यूचा दाखला घेऊन परस्पर अंत्यसंस्कार करू देऊ नका. खरी फसवाफसवी तिथेच पचते.

पंचनाम्यात "पडून मृत्यू" असा निष्कर्ष लिहिलेला असेल तर सही करण्याआधी म्हणा, "दिसलं तेवढंच लिहा." दारापासून डोक्याचं अंतर, नळ चालू की बंद, गिझरचा स्विच, जखमेची लांबी सेंटिमीटरमध्ये. कोरे कागद तर अजिबात सही करून देऊ नका. नातेवाइकांना संशय असेल तर तो शवविच्छेदनाआधी ठाण्यात लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, म्हणजे व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरता येतो. दहन झाल्यावर प्रेत परत तपासता येत नाही.