पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पहिली स्टेज: दुर्बीण की चिरा?

कृष्णाकाठ
निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "दुर्बिणीने होईल ना?" माझं मत स्पष्ट आहे: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला दुर्बीण नको. २०१८ साली या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या 'लॅक' चाचणीचे निकाल आले. ६३१ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६. निकाल उलटा लागेल असं भल्याभल्यांना वाटलं नव्हतं.

टाकेदार
म्हणून दुर्बीण मोडीत काढायची? 'लॅक'च्या ३३ केंद्रांतल्या सगळ्या सर्जनचा हात सारखा नसतो. पुण्यातल्या सर्जननी २००७ सालीच अशा २४८ शस्त्रक्रियांचा अनुभव छापला, 'पुणे टेक्निक' म्हणून तो ओळखला जातो. खरा गुन्हेगार दुर्बीण नसून मॅनिप्युलेटर असावा. पिशवी हलवायला खालून घालतात ती दांडी गाठीला घासतच आत जाते. युरोपातल्या 'सकर' अभ्यासात दांडी न वापरलेल्यांचे निकाल चिऱ्याच्या जवळपास आले.

कृष्णाकाठ
'सकर' म्हणजे जुन्या केसपेपरवरून काढलेला हिशोब. तिथे चिठ्ठ्या कुठे टाकल्या होत्या? आणि सर्जनचा हात बसलाय की नाही हे पेशंटने ओपीडीत बसून कसं ओळखायचं?

निशिगंध
चिरा चिरा म्हणताय, तो सोसणारीला विचारा. साधा खोकला आला तरी पोटावर उशी दाबून धरावी लागते. शिवाय पिशवीच्या *अस्तराचा* कॅन्सर वेगळा, हे कुणी लिहिलंच नाही. तिथे 'लेस' चाचणीत (२०१७, ७६० बायका) साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका चिऱ्याने ८१.३ आणि दुर्बिणीने ८१.६ टक्के, म्हणजे फरकच नाही. त्यातल्या बऱ्याच जणींना वजन आणि शुगर दोन्ही असतं, मोठी जखम चिघळायला वेळ लागत नाही. हा धागा वाचून उद्या कुणी तिथेही चिरा मागेल!

कृष्णाकाठ
अस्तराबद्दल वाद नाही. शीर्षकात 'तोंडाचा' लिहिलंय, ते वाचा.

टाकेदार
मग दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीचं काय? २०२४ च्या 'शेप' चाचणीत अशा कमी जोखमीच्या बायकांना पिशवी साधी काढली तरी पुरलं. ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण तीन वर्षांत २.५२ टक्के, आजूबाजूच्या भागासकट पिशवी काढायच्या मोठ्या ऑपरेशनला २.१७. त्यातली बहुतेक ऑपरेशनं दुर्बीण-रोबोटनेच झाली होती.

कृष्णाकाठ
'शेप'चा प्रश्न किती कापायचं हा होता, कुठून कापायचं हा नव्हे. अर्थात लहान गाठींचा निकाल 'लॅक'नेही लावलेला नाही, एवढं देतो तुम्हाला.

निशिगंध
थोडक्यात, सही करण्याआधी विचारायचं: गाठ किती सेंटिमीटर? दांडी घालणार का? गाठीच्या पेशी पोटात सांडू नयेत म्हणून योनीचा वरचा भाग आधी शिवून बंद करणार का?

टाकेदार
एवढं विचारलं की काही डॉक्टर चिडतात हो.

निशिगंध
चिडू देत. फाईल उचलायची आणि दुसरा सर्जन गाठायचा.