मीरा कुमार: फक्त बाबूजींची मुलगी?

वाचनवेडी (धागाकर्ती)
मीरा कुमार यांचं नाव निघालं की बोलणं दोनच गोष्टींवर येऊन थांबतं: दलित नेते जगजीवनराम म्हणजे बाबूजी यांची मुलगी, आणि लोकसभेच्या अध्यक्ष असताना त्या सतत म्हणायच्या ते 'बैठ जाइए'. मला हा अन्याय वाटतो. १९७३ साली त्या परराष्ट्र सेवेत गेल्या. स्पेन, इंग्लंड, मॉरिशस इथल्या वकिलातींत काम केलं. डझनभर वर्षांची पक्की नोकरी सोडून १९८५ मध्ये पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या, तेही वडिलांच्या बिहारमधल्या सासाराममधून नाही, उत्तर प्रदेशातल्या बिजनौरमधून. समोर कोण? १९७७ साली हाजीपुरातून सव्वाचार लाखांच्या फरकाने जिंकलेले रामविलास पासवान, आणि मायावती. दोघांना हरवून त्या निवडून आल्या. याला वारसा म्हणायचं?

सोलापूरकर
नाही पटलं. निकालाचं बोलताय, पण तिकिटाचं काय? परराष्ट्र सेवेत इतरही दलित अधिकारी होतेच की. त्यांच्यापैकी कुणाच्या दारात काँग्रेस तिकीट घेऊन गेली? पहिली पायरी बापाच्या नावावरच चढली जाते. पुढची कर्तबगारी मी नाकारत नाही.

वाचनवेडी
तिकिटाचं मान्य. पण त्या वेळी बाबूजी काँग्रेसमध्ये नव्हते, त्यांचा वेगळा गट होता. आणि नाव एवढं चालत असतं, तर १९८९ आणि १९९१ ला खुद्द सासाराममध्ये त्या का पडल्या? बाबूजी तिथून १९५२ पासून आठ वेळा निवडून आलेले! मुलीला तिथे जिंकायला २००४ उजाडलं.

माळावरचा
माझा आक्षेप वेगळा आहे. दिल्लीच्या सरकारी बंगल्यात वाढलेली, मिरांडा हाऊसमध्ये शिकलेली व्यक्ती. गावकुसाबाहेरच्या बाईचं दुःख तिला कितपत कळणार? आमच्याकडे पाण्यासाठी आजही भांडावं लागतं. 'प्रतिनिधी' हा शब्द जरा जपून वापरा.

भीमाची_नात
माळावरचा दादा, तुमचा राग कळतो, मीही त्याच वस्तीतली आहे. पण १९७८ चं वाराणसी आठवा. देशाचे संरक्षणमंत्री जगजीवनराम यांनी उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, आणि ते गेल्यावर तो पुतळा गंगाजलाने धुतला गेला. संरक्षणमंत्र्याचा हात विटाळ ठरतो, तेव्हा त्याच्या लेकीला बंगल्याच्या भिंती काय वाचवणार? ३ जून २००९ ला त्या बिनविरोध लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, पहिली महिला अध्यक्ष. आमच्या घरी आजी टीव्हीसमोर पदर सावरून बसली होती. तिला हिंदी फारसं कळत नव्हतं. खुर्चीकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "आता सगळे हिला विचारून बोलणार?" मी हो म्हटलं. त्या दिवशी कितीतरी वेळ ती टीव्ही बंद करू देईना.

सोलापूरकर
आजींचा प्रश्न वाचून गलबलून आलं. पण त्याच खुर्चीवरून माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. १८ फेब्रुवारी २०१४. तेलंगणाचं विधेयक मांडणारे गृहमंत्री आमचे सोलापूरचेच, सुशीलकुमार शिंदे. एका राज्याचे दोन तुकडे होत होते आणि थेट प्रक्षेपण बंद! तांत्रिक बिघाड म्हणे. आवाजी मतदानाने विधेयक मंजूर. दूतावासातली समजूतदार भाषा ज्या बाईंना येत होती, त्यांनी त्या दिवशी कामकाज थांबवून "आधी प्रक्षेपण सुरू करा" असं बजावायला हवं होतं.

वाचनवेडी
आधीचे पाच दिवसही बघा ना. १३ तारखेला विजयवाड्याच्या खासदाराने सभागृहात मिरपूड फवारली, खासदारांना रुग्णालयात न्यावं लागलं. रोज हौद्यात गोंधळ, कुणी जागेवर बसायला तयार नाही. अशा वेळी शांत आवाजात 'बैठ जाइए' म्हणत राहणं याला लोक दुबळेपणा समजले. मला त्यात मुत्सद्दी बाईचा संयम दिसतो. समोरचा कितीही चढला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, ही त्या नोकरीचीच शिकवण असणार.

माळावरचा
संयम कुठे संपतो आणि सोयीचं मौन कुठे सुरू होतं, तेही बघा. सरकारविरुद्धच्या अविश्वास ठरावाच्या नोटिसा त्याच काळात आल्या होत्या. सभागृहात शांतता नाही म्हणून त्या चर्चेला घेतल्या नाहीत. विधेयक मात्र त्याच गोंधळात मंजूर झालं. गोंधळ एकाला अडवतो आणि दुसऱ्याला अडवत नाही, हे कसं?

वाचनवेडी
याला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे त्या चुकल्या, असंच मीही म्हणेन.

भीमाची_नात
चुकल्या असतील. आजीचा तो दिवस मात्र मी कुणाला खोडू देणार नाही.