उसाच्या जमिनीत सेंद्रिय भाजीपाला: पूर्वतयारी कशी करावी?

प्रश्न: नमस्कार. बारामतीजवळ आमची अर्धा एकर भारी काळी जमीन असून तिथे अनेक वर्षे रासायनिक खतांवर ऊस घेतला गेला. यंदा ऊस मोडून तिथे सेंद्रिय भाजीपाला घ्यायचा आहे. लागवडीपूर्वी जमीन कशी तयार करावी?

उत्तर १: प्रथम माती परीक्षण करावे. बांध, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यावेत आणि सर्व माती एकत्र मिसळून त्यातील अर्धा किलो नमुना द्यावा. पाचट (उसाची वाळलेली पाने) कृपया जाळू नका. त्यातून मिळणारा इतका सेंद्रिय कर्ब (जमीन सुपीक ठेवणारा घटक) विकत आणणे परवडत नाही. पहिल्या पावसानंतर ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके पेरून फुलोऱ्यास येताच, म्हणजे साधारण ४५ ते ५० दिवसांनी, जमिनीत गाडावीत आणि ती कुजण्यासाठी दोन-तीन आठवडे थांबावे. त्यानंतर गादीवाफे (उंच वाफे) करावेत, कारण भारी जमिनीत पाणी साचले की भाजीची मुळे गुदमरतात.

उत्तर २: वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे, कारण कच्च्या शेणखतातून हुमणीच्या (मुळे खाणाऱ्या किडीच्या) अळ्या शेतात येतात आणि उसाच्या पट्ट्यात ती कीड आधीच मुरलेली असते.

उत्तर ३: माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा असल्यास पीजीएस-इंडिया (शेतकरी गटाने एकमेकांच्या शेताची तपासणी करण्याची सरकारी पद्धत) प्रमाणीकरणासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. तेव्हा शेजाऱ्यांशी आताच बोलावे आणि शेतातील नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी.