परिवलनामुळे तेजोमेघ चपटा होतो, तर त्याची घनता वाढते कशी?

प्रश्न – ध्रुवमत्स्य

आकुंचन पावणारा तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू आणि धूळ यांचा ढग, स्वतःभोवती फिरत असल्यामुळे चपटा होतो आणि त्याची चकती बनते, असे सूर्यमालेच्या उत्पत्तीविषयी वाचताना नेहमी आढळते. तत्त्वज्ञ कांट यांनी १७५५ मध्ये आणि गणितज्ञ लाप्लास यांनी १७९६ मध्ये मांडलेल्या विचारांपासून ही कल्पना चालत आली आहे. पण परिवलन जर द्रव्याला अक्षापासून दूर लोटत असेल, तर घनता कमी व्हायला हवी. मग चकती मूळ मेघापेक्षा दाट कशी? शिवाय मृग नक्षत्रातला तेजोमेघ मुळीच चकतीसारखा दिसत नाही. तो फिरत नाही असे समजायचे का?

उत्तर – गुरुत्वमध्य

द्रव्य दाटते ते गुरुत्वाकर्षणामुळे. परिवलन त्याला केवळ एका दिशेने अडवते. केंद्रोत्सारी बल, म्हणजे फिरणाऱ्या द्रव्याला बाहेर लोटणारे बल, अक्षाला लंब दिशेत असते, अक्षाला समांतर दिशेत ते शून्य असते. त्यामुळे वरून आणि खालून येणारा वायू विनाअडथळा विषुववृत्तीय प्रतलाकडे कोसळतो, तेथे दोन्ही प्रवाह एकमेकांवर आदळून तापतात, ती उष्णता प्रारणाच्या रूपाने निघून जाते आणि वायू त्याच प्रतलात साचतो. (वायूऐवजी नुसते तारे असते, तर ते एकमेकांना न धडकता आरपार गेले असते आणि अशी पातळ चकती बनली नसती.)

आता अडवणूक केव्हा सुरू होते ते पाहा. कोनीय संवेग (वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार) कायम राहिला, तर त्रिज्या निम्मी होताच गुरुत्वाकर्षण चौपट होते, पण केंद्रोत्सारी बल आठपट होते. तारा जन्माला घालणारा मेघाचा गाभा सुमारे ०.३ प्रकाशवर्षे रुंद असतो, त्याचे तापमान १० केल्विनच्या (उणे २६३ अंश सेल्सिअसच्या) आसपास असते आणि दर घन सेंटीमीटरमध्ये सुमारे १०,००० रेणू असतात. त्याची एक फेरी पूर्ण व्हायला काही दशलक्ष वर्षे लागतात आणि परिवलनाची ऊर्जा गुरुत्वीय ऊर्जेच्या जेमतेम २ टक्के भरते. म्हणून आरंभी गाभ्याच्या आकारावर परिवलनाची छाप जवळपास नसते. सुमारे १०,००० खगोलीय एककांची (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) त्रिज्या आटत काही शे एककांवर आली, की मात्र दोन्ही बले तुल्यबळ होतात आणि चकती धरते.

उत्तर – वर्णपट

दुसऱ्या शंकेचे उत्तर आकारमानात आहे. मृगातला तेजोमेघ सुमारे २४ प्रकाशवर्षे पसरलेला आहे. त्याच्या पोटातल्या तप्त ताऱ्यांचे अतिनील प्रारण आणि वारे वायूला तापवून बाहेर ढकलत आहेत. त्याचे रूप या प्रारणाने आणि खळबळीने घडवले आहे, परिवलनाने नव्हे. परिवलनाचा प्रभाव पाहायचा तर त्याच तेजोमेघातल्या नवजात ताऱ्यांकडे पाहावे. हबल दुर्बिणीला १९९० च्या दशकात तेथे उजळ वायूच्या पार्श्वभूमीवर काळ्या, लंबगोल सावल्यांसारख्या चकत्या दिसल्या. वृषभ नक्षत्रातील एचएल टॉरी या ताऱ्याची चकती चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने २०१४ मध्ये टिपली, तीत तेजस्वी कडी आणि त्यांमधल्या काळ्या फटी स्वच्छ मोजता येतात.

ध्रुवमत्स्य

आभारी आहे. अक्षाच्या दिशेत विरोध नसतो, हाच मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण चकतीतले द्रव्य फिरत्या कक्षेत तोलले गेले, तर मधला तारा वाढतो कशाने?

उत्तर – गुरुत्वमध्य

कोनीय संवेग बाहेर गेल्याशिवाय तो वाढतच नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. मी वर कोनीय संवेग कायम धरला, ते सोयीसाठी. प्रत्यक्षात चुंबकीय क्षेत्राच्या रेषा गाभ्याला सभोवतालच्या वायूशी जखडून त्याची गती मंदावतात, आणि चकतीतून उठणारे वारेही थोडे द्रव्य नेताना पुष्कळ संवेग नेतात. आपल्या सूर्यमालेत याची खूण उरली आहे: ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेगापैकी बहुतांश ग्रहांकडे, आणि त्यातलाही मोठा वाटा एकट्या गुरूकडे आहे.